उचल आणि फेड

(चित्रकला शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आमचे चित्रकलेचे मास्तर आम्हाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवायचे. रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात वर्ग भरायचा. समोर ठेवलेल्या तांब्या-पेल्याचं स्थिरचित्र काढून झालं की उरलेल्या वेळात नक्कल. कुणाला जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, कुणाला कॅलेंडरवरची सरस्वती, कुणाला बिस्किटांच्या डब्यावरचं निसर्गदृश्य. नक्कल करण्यात मास्तरांना काही गैर वाटत नसे. त्यांची अट एकच होती. पूर्ण झालेल्या कागदाच्या खाली, आपल्या नावाच्या आधी, लिहायचं : अमुक यांच्या चित्रावरून. मूळ चित्रकाराचं नाव ठाऊक नसेल तर ‘चित्रकार अज्ञात’ असं लिहायचं. आणि तेवढ्यावर सुटका नसे. पुढच्या रविवारी हाक यायची, ‘काय रे, सापडलं का नाव?’

पुढे मी चित्रकलेचं शिक्षण घेतलं, शिकवायलाही लागलो आणि गेल्या साठ वर्षांत जगभर ज्या एका प्रश्नावरून चित्रकारांत, समीक्षकांत आणि वकिलांत भांडणं झाली, त्या प्रश्नापाशी आलो. दुसऱ्यानं केलेली प्रतिमा उचलून कुणी आपल्या नावानं मांडली, तर ते चित्र कुणाचं? या साऱ्या वादात मला मास्तरांचा तो छोटा शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिला. ‘वरून’.

या प्रकाराला कलासमीक्षेत ‘अ‍ॅप्रोप्रिएशन’ म्हणतात. मराठीत त्याला ‘विनियोग’, ‘आत्मसातीकरण’ असे शब्द वापरता येतील. ते बरोबरही असतील, पण त्यांना रंगाचा, हाताचा वास नाही. मी ‘उचल’ म्हणेन. हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. दुसऱ्याची वस्तू गुपचूप उचलणं ही उचलेगिरी. आणि ऊसतोडीला निघालेलं जोडपं हंगामाआधी मुकादमाकडून जे पैसे घेतं, तीही उचलच. ती घेतली की नाव वहीत चढतं आणि ती फेडावी लागते. पहिल्या अर्थात हिशेब नाही, दुसऱ्या अर्थात हिशेबच हिशेब आहे. चित्रकलेतल्या उचलीकडे मी या दुसऱ्या अर्थानं बघतो. कुणी उचल घेतली म्हणून मी त्याला चोर म्हणणार नाही. वहीत कुणाचं नाव आहे, आणि फेड कुठे झाली, हे मात्र विचारणार.

सुरुवात एका बाईंपासून करतो. त्यांना मी या प्रकारातलं सगळ्यात निर्भय नाव मानतो. एलेन स्टर्टेव्हंट. जन्म १९२४, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. १९६५ साली न्यूयॉर्कच्या बियांकिनी गॅलरीत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. आत शिरणाऱ्याला काय दिसलं? अँडी वॉरहॉलची फुलं, जॅस्पर जॉन्सचा झेंडा, ओल्डनबर्गची, सीगलची कामं. सगळं त्या काळातलं, ताजं, आणि सगळं स्टर्टेव्हंटबाईंनी स्वतःच्या हातानं केलेलं. मूळ चित्रं जगाला धड माहीतही झाली नव्हती, तेव्हाच त्यांनी ती पुन्हा केली. वॉरहॉलची फुलं छापण्यासाठी तर खुद्द वॉरहॉलनंच आपला सिल्कस्क्रीन त्यांना देऊन टाकला होता.

त्या मूळ चित्र बघायच्या, त्याची रीत आत्मसात करायच्या आणि बरंचसं काम स्मरणातून करायच्या. म्हणून दोन चित्रं शेजारी ठेवली तर फरक दिसतात, आणि त्यांना ते दिसायला हवेच होते. एखाद्या ख्याल गायकानं गुरूची बंदिश तीच ठेवून गावी, आणि ऐकणाऱ्याला बंदिशीच्या आतली रचना पहिल्यांदाच कळावी, तसं काहीसं. त्यांचा प्रश्न असा होता : चित्राचा पृष्ठभाग जसाच्या तसा पुन्हा आणता येत असेल, तर चित्राचं चित्रपण नेमकं कुठे राहतं? हा प्रश्न लिहून मांडता आला असता. पण रंगवून मांडला की बघणाऱ्याचे पाय त्या चित्रासमोर अडखळतात. संकल्पनात्मक चित्रकलेची ताकद ती हीच.

सुरुवातीला लोकांना हे गमतीचं वाटलं, मग राग येऊ लागला. १९६७ साली त्यांनी ओल्डनबर्गचं गाजलेलं ‘स्टोअर’, म्हणजे प्लॅस्टरच्या वस्तूंचं ते दुकान, मूळ दुकानापासून थोड्याच अंतरावर पुन्हा थाटलं. ओल्डनबर्ग दुखावला. सत्तरच्या दशकात स्टर्टेव्हंटबाईंनी दहाएक वर्षं काम दाखवणंच बंद केलं. मान मिळाला तो फार उशिरा. २०११ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला, २०१४ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

त्यांनी कुणाकडून उचललं ते बघा. वॉरहॉल, जॉन्स, ओल्डनबर्ग, लिक्टेनस्टाइन. त्या काळी ज्यांचं नाव चढत होतं असे पुरुष चित्रकार. आणि शीर्षकं काय दिली? ‘वॉरहॉल फ्लॉवर्स’, ‘जॉन्स फ्लॅग’. ज्याचं घेतलं त्याचं नाव शीर्षकातच. मास्तरांच्या वर्गात बसल्या असत्या तर त्यांना पूर्ण मार्क मिळाले असते.

पण इथे एक गाठ आहे. वॉरहॉलची ती फुलं वॉरहॉलची तरी कुठे होती? ‘मॉडर्न फोटोग्राफी’ या मासिकाच्या जून १९६४ च्या अंकात पॅट्रिशिया कॉलफिल्ड या बाईंनी काढलेलं जास्वंदाच्या फुलांचं छायाचित्र आलं होतं. वॉरहॉलनं ते घेतलं, कापलं, चौकोनी केलं, रंग बदलले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रदर्शन भरवलं. कॉलफिल्डबाईंनी १९६६ मध्ये दावा लावला, शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. आता साखळी बघा. जास्वंद, कॉलफिल्ड, वॉरहॉल, स्टर्टेव्हंट. शीर्षकात वॉरहॉलचं नाव आलं. कॉलफिल्डचं नाव तिथपर्यंत पोचलंच नाही. म्हणजे स्टर्टेव्हंटबाईंची वही चोख होती, पण ज्याच्याकडून त्यांनी घेतलं त्याच्या वहीत एक पान कोरं होतं, आणि ते कोरं पानही त्यांच्याबरोबर पुढे आलं.

माझं सगळं म्हणणं या कोऱ्या पानाविषयी आहे. उचल कुठल्या दिशेनं वाहते याकडे बघितलं पाहिजे. नामवंतानं नामवंताकडून घेतलं तर तो दोन बरोबरीच्या माणसांचा व्यवहार असतो. पण नामवंतानं अनामाकडून घेतलं, तर ते नाव कायमचं बुडण्याचा धोका असतो.

लिक्टेनस्टाइनचं ‘व्हॅम!’ हे १९६३ चं चित्र पुष्कळांनी पुस्तकांत पाहिलं असेल. लढाऊ विमान, सुटलेला अग्निबाण, पिवळा-लाल स्फोट. जवळजवळ चार मीटर रुंद. लंडनच्या टेट संग्रहालयानं ते १९६६ साली विकत घेतलं. ते आलं एका युद्धकथांच्या कॉमिकमधून, ‘ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर’च्या १९६२ मधल्या ८९ व्या अंकातून. तिथली चौकट रेखाटणाऱ्याचं नाव अर्व्ह नोव्हिक. लिक्टेनस्टाइननं रचना बदलली, अनावश्यक ते काढलं, एका चौकटीचे दोन फलक केले. हे सगळं मी वर्गात शिकवतो आणि मनापासून शिकवतो, कारण ते बदल शिकण्यासारखे आहेत. पण कॉमिकच्या कारखान्यात पानांच्या दरानं राबणाऱ्या माणसांची नावं तेव्हा अंकातही क्वचितच छापली जात. म्हणजे नोव्हिकचं नाव आधीच पुसट होतं, आणि संग्रहालयाच्या भिंतीवर त्याच्या रेघेला दुसऱ्याचं नाव लागलं. त्या चित्राच्या शीर्षकात ‘वरून’ कुठे नाही.

त्याच काळात, १९६७ साली, फ्रान्सच्या रोलाँ बार्थनं लेखकाच्या मृत्यूवरचा आपला निबंध लिहिला, आणि पुढे चित्रकारांनीही तो डोक्यावर घेतला. मूळ, अस्सल, एकाचंच असं काही नसतं, सगळं आधीच्यांतूनच विणलेलं असतं, हा विचार मला पटतो. पण नोव्हिकच्या चौकटीसमोर तो अपुरा पडतो. ज्याला कर्ता म्हणून कधी जन्मच मिळाला नाही, त्याच्या मृत्यूची घोषणा कुणी करायची? कर्तृत्व सोडून द्यायला आधी ते हातात असावं लागतं.

१९७७ साली न्यूयॉर्कच्या ‘आर्टिस्ट्स स्पेस’मध्ये डग्लस क्रिम्प यांनी ‘पिक्चर्स’ नावाचं प्रदर्शन मांडलं. त्यातल्या शेरी लेव्हीन यांनी १९८१ साली वॉकर एव्हन्सच्या छायाचित्रांची एका कॅटलॉगमधून छायाचित्रं काढली आणि भिंतीवर लावली. त्यात काहीही बदललं नव्हतं. मालिकेचं नाव होतं ‘आफ्टर वॉकर एव्हन्स’. या ‘आफ्टर’ला मराठीत ‘नंतर’ म्हणणारेही भेटतात. मला तो सरळ मास्तरांचा ‘वरून’ वाटतो. पुढे त्यांनी मालेविच आणि मोंद्रियान यांच्या चित्रांवरून जलरंगात चित्रं केली, तीही पुस्तकातल्या छापील चित्रावरून आणि पुस्तकातल्याच छोट्या आकारात. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात बसून आपण सर्वांनी युरोपची चित्रकला अशीच पाहिली आहे. पानाएवढी, आणि छपाईत रंग हललेली. म्हणून लेव्हीन यांची ती लहान जलरंगचित्रं मला दूरची वाटत नाहीत.

एव्हन्सचं नाव शीर्षकात आलं, म्हणजे फेड झाली म्हणायची का? त्या छायाचित्रांत एक चेहरा आहे. १९३६ साली अलाबामातल्या कुळाच्या घरी, लाकडी फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली, ओठ आवळलेली बाई. तिचं नाव अ‍ॅली मे बरोज. एव्हन्सनं सरकारी खात्यातून रजा घेऊन ‘फॉर्च्युन’ मासिकाच्या कामासाठी ते छायाचित्र काढलं, पुढे त्यातून निघालेल्या पुस्तकात तिला दुसरंच नाव दिलं गेलं, आणि लेव्हीन यांच्या शीर्षकात फक्त एव्हन्स आले. छायाचित्रकाराचं देणं फिटलं. ज्या चेहऱ्यावर हे सगळं उभं आहे त्याचं राहिलं. लेव्हीन यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. उलट, जसंच्या तसं पुन्हा मांडून त्यांनीच हा प्रश्न माझ्यासमोर आणला. एव्हन्सचं मूळ छायाचित्र बघताना मला तो पडला नव्हता.

कोर्टात हा प्रश्न गेला की त्याला आकडे लागतात, आणि आकड्यांनी काही गोष्टी स्वच्छ दिसतात. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी १९८१ साली प्रिन्स या गायकाचं छायाचित्र काढलं. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकानं ते एकदाच वापरण्यासाठी ४०० डॉलर दिले आणि श्रेयात त्यांचं नाव छापलं. त्यावरून चित्र करायचं काम वॉरहॉलकडे गेलं, आणि त्यानं एकाऐवजी सोळा कामं केली. २०१६ साली प्रिन्स वारला तेव्हा त्याच प्रकाशनसंस्थेनं त्यातलं नारिंगी चित्र विशेषांकाच्या मुखपृष्ठासाठी घेतलं. वॉरहॉल फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले. गोल्डस्मिथबाईंना काहीही नाही, नावसुद्धा नाही. अंक बाजारात आल्यावर त्यांना हे कळलं. १८ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. निकाल त्या एका मुखपृष्ठाच्या वापरापुरताच होता, वॉरहॉलची चित्रं बेकायदा ठरली नाहीत. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधी मत कळकळीनं लिहिलं. असल्या निकालांनी नव्या कलेचा श्वास कोंडेल, ही त्यांची भीती. ती भीती मला खोटी वाटत नाही. पण ४०० आणि १०,००० हे आकडे शेजारी ठेवले, आणि पहिल्याच्या शेजारी नाव आहे, दुसऱ्याच्या शेजारी नाही, हे पाहिलं, की माझं मन गोल्डस्मिथबाईंकडेच जातं.

बेल्जियमचा लूक टुइमन्स हा मला फार आवडणारा चित्रकार. फिकट, धुवून निघालेले रंग, जणू आठवण विरत चालली आहे. तो बहुतेक वेळा छायाचित्रांवरूनच रंगवतो. २०११ साली त्यानं एका राजकारण्याचा घामेजलेला चेहरा रंगवला, शीर्षक ‘अ बेल्जियन पॉलिटिशियन’. तो चेहरा कातरेइन व्हान खील या वृत्तछायाचित्रकार बाईंनी टिपलेला होता. जवळून, तिरका कापलेला, कपाळावर घाम. कापण्याची ती नजरच त्या छायाचित्राचा जीव होती, आणि चित्रात तीच आली. हे विडंबन आहे, असा बचाव टुइमन्सच्या बाजूनं मांडला गेला. जानेवारी २०१५ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयानं तो मानला नाही, पुढे त्याच वर्षी दोघांत तडजोड झाली. तेव्हा कलाजगत बहुतांश टुइमन्सच्या मागे उभं राहिलं. मला वाटतं, शीर्षकात एक ‘वरून’ असता तर चित्राचं काहीही बिघडलं नसतं. त्याचं उदाहरणही आहे. इंग्लंडच्या ग्लेन ब्राउनचं ‘द लव्हज ऑफ शेफर्ड्स’ २००० साली टर्नर पारितोषिकाच्या प्रदर्शनात होतं. ते अँथनी (टोनी) रॉबर्ट्स या चित्रकारानं ‘डबल स्टार’ या विज्ञानकादंबरीसाठी केलेल्या मुखपृष्ठावरून घेतलं होतं. वाद झाला, मिटला, आणि आज त्या चित्राच्या शीर्षकाला कंसात ‘टोनी रॉबर्ट्सच्या डबल स्टारवरून’ अशा अर्थाची जोड आहे. चित्र होतं तेवढंच चांगलं राहिलं.

आता आपल्या घरात येऊ. सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकी एक. बाकीच्यांची नावं तुमच्यापैकी किती जणांना सांगता येतील? या प्रती लंडनला गेल्या, १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतींची १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसमध्ये अशीच राख झाली होती. उरल्या त्यांना आज सगळे ‘ग्रिफिथ्सच्या प्रती’ म्हणतात. मूळ चित्रं आता इतकी झिजली आहेत की काही ठिकाणी त्या मुलांनी पाहिलेली रेघ हाच पुरावा उरला आहे. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. रंग नीट दिसावेत म्हणून त्या काळी भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं, ते पुढे काळवंडलं. नक्कल करण्याच्या खटाटोपात मुळाला इजा झाली. अजिंठ्याचे चित्रकार अनाम, त्यांच्या प्रती करणारे जवळजवळ अनाम, आणि नाव मधल्या एका साहेबाचं. संकल्पनात्मक चित्रकलेनं हा प्रश्न शोधून काढला असं कुणी म्हणालं, की मला ती काळवंडलेली भिंत आठवते.

रविवर्म्यांचंही तसंच. १८९४ साली मुंबईत त्यांनी छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि १९०१ मध्ये फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. तरी छापखान्याचं नाव रविवर्म्यांचंच राहिलं. एका तैलचित्राचा ओलिओग्राफ व्हायचा तर कारागिराला रंग एकेक वेगळा करून प्रत्येकासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. देवघरातली जी लक्ष्मी आपल्याला पाठ आहे, तिच्या गालावरचा गुलाबी रंग त्या कारागिरानं ठरवलेला असतो.

त्या लक्ष्मीला अतुल दोडियांनी पुन्हा हात घातला. १९५९ चा जन्म, घाटकोपरची वस्ती, जे. जे.चं शिक्षण. २००२ च्या त्यांच्या कामात दुकानाचं लोखंडी शटर आहे. त्यावर कॅलेंडरवरून घरोघर पोचलेली महालक्ष्मी. शटर वर सरकवलं की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी. उचललेली देवी तशीच आहे, पण ती आता कशावर झाकण घालत होती ते दिसतं. अशी उचल मला फेडीसकट आल्यासारखी वाटते. त्यांचंच १९९४ चं ‘द बॉम्बे बुकॅनियर’ बघा. ‘बाजीगर’ सिनेमाच्या पोस्टरवरून केलेलं आत्मचित्र. नायकाच्या जागी स्वतः दोडिया, डोळ्यांवर काळा चष्मा. चष्म्याच्या एका काचेत डेव्हिड हॉकनी, दुसरीत भूपेन खक्कर. चित्रकारानं आपले धनको आपल्याच डोळ्यांवर रंगवून ठेवले आहेत. एवढी उघडी वही मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तरी त्या पोस्टरवाल्याचं नाव तिथेही नाही. ते कुठे, असं मास्तरांनी मला विचारलंच असतं.

कायद्याचं एक वाक्य सांगून पुढे जातो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम म्हणतं की हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं काम आहे’ असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडलं गेलं, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २००५ मध्ये त्यांच्या बाजूनं लागला. पंचवीसहून अधिक वर्षं. कायदा आहे, पण तो नोव्हिकसारख्याच्या दाराशी आपण होऊन जात नाही. ते काम उचलणाऱ्यानं करायचं असतं.

स्टर्टेव्हंटबाईंची एक गोष्ट राहिली. रॉबर्ट राउशेनबर्गनं १९५५ साली ‘शॉर्ट सर्किट’ नावाचं काम केलं, कपाटासारखं, दोन छोट्या दारांचं. एका प्रदर्शनात आपल्या मित्रांना जागा मिळत नव्हती म्हणून त्यानं त्यांची चित्रं आपल्या चित्राच्या पोटात घालून आत नेली. एका दारामागे सुझन वाइल यांचं चित्र, दुसऱ्यामागे जॅस्पर जॉन्सचा छोटा झेंडा. १९६५ मध्ये तो झेंडा चोरीला गेला. राउशेनबर्गनं रिकाम्या जागी स्टर्टेव्हंटबाईंकडून झेंडा रंगवून घेतला. ते काम आज शिकागोच्या कलासंस्थेत आहे, आणि ज्याला उचलेगिरी म्हणावं अशी चोरी त्या कामाच्या वाट्याला आली, तिची जागा एका उघड उचलीनं भरून काढली आहे.

शेवटी या व्यासपीठावरच्या तसबिरीविषयी. हार घातलेली ही मास्तरांची तसबीर मी रंगवली आहे. मास्तर गेले त्या वर्षी, एका कृष्णधवल फोटोवरून. फोटो इथल्याच एका स्टुडिओत काढलेला. चष्म्याच्या काचेवर उजेड येऊ नये म्हणून फोटोग्राफरनं मान किंचित डावीकडे वळवायला सांगितली असणार, आणि त्या वळणामुळेच चेहऱ्यावर तो ऐकत असल्यासारखा भाव आला आहे. लोक त्या भावासाठी माझं कौतुक करतात. खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही आहे. ‘वरून’ नाही. इतकी वर्षं मी ती दर व्याख्यानाला समोर बसून पाहिली, आणि हे भाषण लिहायला बसेपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नाही.

स्टुडिओ आता बंद आहे. परवा त्या फोटोग्राफरच्या मुलाला भेटलो आणि वडिलांचं पूर्ण नाव, स्पेलिंग आणि आडनावासकट, कागदावर लिहून घेतलं. ब्रश आणि रंग पिशवीत आणले आहेत. कार्यवाहांना विनंती एवढीच, आभारप्रदर्शन झाल्यावर तसबीर लगेच भिंतीवर चढवू नका. मला दहा मिनिटं लागतील.